लिफ्टवालीची तीन पुस्तकं

ऑफिसात तिला सगळे लिफ्टवाली म्हणत, आणि अकरा वर्षांत तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. काम तसंच होतं. जर्मनीतल्या कुठल्याशा इमारतीत लिफ्ट मध्येच बंद पडली, की आतला माणूस धोक्याचं बटण दाबायचा आणि फोन वाजायचा हिच्या कानात, हजारो मैल दूर, खिडकी नसलेल्या एका खोलीत. मेकॅनिकला कळवायचं आणि तो पोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहायचं. रोज आठ तास. कोणी रडायचं, कोणी शिव्या द्यायचं, कोणी हिच्यावरच डाफरायचं की बाई, तुम्ही दार का उघडत नाही? हेडफोनखालचा डावा कान संध्याकाळपर्यंत भाजल्यासारखा व्हायचा. घरी गेल्यावर कोणाशी एक शब्द बोलायची इच्छा उरत नसे. नवरा बिचारा टीव्हीचा आवाज बारीक करून बसे.

यासाठी का पाच वर्षं जर्मन शिकले, हे तिने स्वतःला विचारणं कधीच सोडून दिलं होतं. विद्यापीठात प्रवेश घेतला तेव्हा वडिलांनी साऱ्या गल्लीत सांगून टाकलं होतं, पोरगी वकिलातीत लागणार. दादा म्हणाला होता, "तिकडची माणसं तिकडे बोलतात की जर्मन. त्यांना हिची काय गरज पडणार?" तेव्हा सगळ्यांनी दादालाच गप्प केलं. विभागाच्या माहितीपत्रकात तर संधींची नुसती खैरात होती. दुभाषी व्हा, पर्यटनात जा, मोटारींच्या कारखान्यात जा, ग्रंथांचे अनुवाद करा. तिने दोन वर्षं पर्यटकांना संग्रहालयं दाखवली, पायांचे तुकडे पडेपर्यंत. मग कपडे धुण्याच्या मशीनबरोबर मिळतात तसल्या तीन माहितीपुस्तिकांचा अनुवाद केला. मग लिफ्ट.

घोळ झाला तो सहा वर्षांपूर्वी, दातांच्या डॉक्टरकडे. तिथे मॅडम भेटल्या. मॅडम म्हणजे जर्मन विभागाच्या प्रमुख. खरं तर त्या म्हणजेच विभाग. पहिल्या वर्षाला त्या आठवडाभर एकच काम करून घ्यायच्या: आपापल्या स्वयंपाकघराचं जर्मनमध्ये वर्णन. टेबल कुठे, डबा कुठे, खिडकीतून काय दिसतं. पोरं वैतागून जायची. कवितांच्या ओढीने आलेल्या हिला तर ती शिक्षाच वाटायची.

"काय करतेस हल्ली?" मॅडमनी सुजलेल्या गालाने विचारलं.

"अनुवाद."

"पुस्तकांचा?"

मॅडमचा चेहरा असा काही उजळला की हिच्या तोंडून 'हो' निघून गेलं.

"किती झाली?"

"तीन."

तेवढ्यात आतून बोलावणं आलं, आणि ती थाप तशीच राहिली.

आज जेवणाच्या सुट्टीत मॅडमचा फोन आला. विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला चार वाजता समिती बसणार होती. यंदा पटावर सातच मुलं. "जर्मन शिकून माणसं पुढे करतात काय, एवढं एकच विचारून राहिलेत सगळे," मॅडम म्हणाल्या. "माजी विद्यार्थ्यांच्या यादीत मी तुझं नाव सगळ्यांत वर घातलंय. ती तीन पुस्तकं तेवढी हवीत, समोर ठेवायला. माणूस पाठवते. देशील ना?"

हिच्या तोंडचं पाणी पळालं. "करते मी फोन," म्हणत तिने ठेवून दिला. खरं सांगितलं तर मॅडमच्या मनातून उतरणार. गप्प बसलं तर मॅडम समितीसमोर तोंडघशी पडणार, आणि त्यांच्याबरोबर विभागही. सुट्टी संपली होती. हेडफोन चढवला आणि घंटा वाजली.

एक रंगारी होता. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेला, सोबत रंगाची बादली. धाप लागली होती, "मी मरतोय" एवढंच म्हणत होता. मेकॅनिक चाळीस मिनिटांवर. कंपनीने दिलेल्या कागदावरची 'घाबरू नका'ची वाक्यं तीन मिनिटांत संपली. मग तिने आपलं नेहमीचं काढलं.

"तुमचं स्वयंपाकघर कसं आहे?"

"काय?"

"स्वयंपाकघर. आत शिरलं की आधी काय दिसतं?"

तो आधी ओरडला. मग म्हणाला, टेबल. पिवळं. एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. कपाटाच्या वरच्या फळीवर कॉफीचा डबा. बायकोचा हात पुरत नाही म्हणून तिने स्टूल ठेवलंय, आणि हा रोज त्या स्टुलाला धडकतो. भिंतींचे पोपडे निघालेत. "जगाची घरं रंगवतो, माझंच नऊ वर्षं राहिलंय," म्हणाला आणि हसला. धाप खाली बसली होती. खिडकीची पाळी येईतो दार उघडल्याचा आवाज आला आणि लाइन कट झाली. आभार वगैरे फारसं कोणी मानत नाही. सुटलेला माणूस आधी पळतो.

चारला दहा कमी होते. कोणाला न विचारता ती उठली, जिन्यात गेली आणि फोन लावला.

"मॅडम, पुस्तकं नाहीत. कधीच नव्हती. मी खोटं बोलले." मग एका दमात सगळं सांगितलं, लिफ्टचं, आत्ताच्या रंगाऱ्याचंही. "लाज वाटत होती मला. तुम्ही एवढं शिकवलंत, आणि मी काय करते, तर अडकलेल्या माणसांना त्यांचं स्वयंपाकघर विचारते."



"किती जणांना विचारलंस असं?"

"मोजलं नाही. रोज दोन-तीन तरी."

"पस्तीस वर्षं घेतेय मी तो धडा," मॅडम हळूच म्हणाल्या. "विभागातलेच लोक हसायचे." मग कागदावर पेन फिरल्याचा आवाज. "अनुवादक खोडलं. हे लिहिते."

"हसतील हो समितीतले."

"हसू देत." मॅडमचा आवाज एकदम थकला. "बाहेर बाकावर बसलेय मी. दार बंद आहे. भीती वाटतेय गं. बोलावेपर्यंत बोलशील जरा?"

हिचा कान ठणकत होता. आत साहेब तिची रिकामी खुर्ची बघत असणार. ती पायरीवर बसली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "तुमचं स्वयंपाकघर कसं आहे, मॅडम?"

मॅडमनी पहिल्याच वाक्यात चूक केली. हिने ती सुधारली नाही.