आबांचा पाना आणि वैलावरचं पाणी

या, जरा जवळ सरका. परक्यासारखं लांबून काय वाचता? आणि मागच्या अंकात कुणीतरी लिहिलंय ना, पोरीनं वाचून दाखवलं मला, असले अनुभव म्हणे रिकामटेकड्या बायकांनाच येतात... त्यांनी तर अगदी पुढ्यात बसा. मी पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये वीस वर्षं साड्यांच्या घड्या घातल्यात. रिकामी होते कधी मी? आणि भूतबीत म्हणाल तर, नवागामला आमच्या गल्लीत कुणी उतरवून टाकलेलं लिंबू उचलून सरबत करणारी बाई मी. हो, केलंय!

तर ही गोष्ट नव्वदीच्या अगदी शेवटची. माझे मालक, म्हणजे माझ्या पोरीचे, सुमनचे आबा, त्याच मिलमध्ये कोळशाच्या बॉयलरवर फायरमन होते. अख्खी मिल त्यांना आबाच म्हणायची. त्यांची एक रीत होती. जिगर खात्यात, म्हणजे जिथं कापड रंगात फिरतं तिथं, वाफ सोडायच्या आधी ते पान्यानं पाइपावर ठोकायचे. ठक ठक... ठक. दोन, मग जरा दम, मग एक. ते कानावर आलं की पाइपाजवळची माणसं दोन पावलं मागं. "खात्यात माणूस ऐकू येत नाही, लोखंड ऐकू येतं," म्हणायचे.

छातीच्या दुखण्यानं आबा गेले. त्यांचा पाना मी घरी आणला आणि खुंटीवर टांगला. सांडशीच्या शेजारी, कारण आमच्या खोलीत दुसरी खुंटीच नव्हती.

सुमन तेव्हा आयटीआय करून त्याच मिलमध्ये वायरमन लागली होती. वायरमनच म्हणायचे, वायरबाई कोण म्हणतंय! त्या वर्षी आमच्या गुजराती शेठनं परदेशातून एक छोटा टर्बाइन ट्रायलला आणला. फ्रिजपेक्षा जरा मोठी पेटी. मी तर विचारलं, "माय वं, हाई काय शे?" बाहेरून आलेला साहेब पंधरा दिवस समजावत होता आणि शेठच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. शेवटी सुमननं खडू घेतला आणि फरशीवर चूल काढली. चुलीच्या बाजूला वैल काढला.

वैल माहीत आहे ना? चुलीच्या शेजारचं दुसरं तोंड. त्यात वेगळं लाकूड घालत नाहीत. भाकरीच्या जाळाचीच उरलेली धग तिकडं जाते, अन् त्यावर आपलं आंघोळीचं पाणी तापतं. सुमन म्हणाली, "शेठ, गॅस जळतो, चाक फिरतं, वीज होते. ही झाली भाकरी. मागून गरम हवा निघते, ती आकाशात सोडायची नाही. तिच्यावर रंगखात्याचं पाणी तापवायचं. हा झाला वैल."

शेठ हसायलाच लागले. "अरे, आ तो चूलो छे!" त्या दिवसापासून मिलमध्ये त्या पेटीचं नाव वैल. उभ्या जन्मात शाळा न पाहिलेल्या माझ्यासारख्या बाईची चूल माझ्या पोरीनं टर्बाइनला जोडली... आता माझा ऊर भरून आला तर काय चुकलं?

पण जिगर खात्यातला भगवान — आमच्याच धुळ्याकडचा — तो टोमणे मारायचा. "काय वहिनी, पोरगी चुलीवरनं थेट टर्बाइनवर? चटका बसला म्हणजे कळेल."

"तुझी बायको रोज चटके खाते, तिला विचार काय कळतं ते," मी म्हटलं.

महिनाभर ट्रायल होती. शेवटच्या दिवशी गरम पाणी जिगरच्या जुन्या लाइनीत सोडून बघायचं होतं. जमलं तर वैल राहणार आणि तो सांभाळायला सुमन. नाही जमलं तर पेटी परत, कोळसा परत, आणि सुमन पुन्हा ट्यूबलाइट बदलायला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी मुद्दाम जिगर खात्यात जाऊन उभी राहिले. जाळीपलीकडं सुमन दिसत होती, शेठ तिच्या शेजारी. तिचा एक हात व्हॉल्व्हवर, दुसऱ्या हातात साहेबानं दिलेलं पुस्तक. पुस्तकात लिहिलेलं सगळं तिनं केलं. पण पुस्तकात ठोकायचं लिहिलेलं नव्हतं. भगवान पाइपाच्या सांध्यापाशी उकिडवा बसून तंबाखू मळत होता.

आणि आलं. ठक ठक... ठक.

लाइनीतूनच आलं. माझ्या तळव्यातून वर चढलं हो ते! भगवान तंबाखू टाकून मागं उडाला, जुनी माणसं सगळी मागं, मीही. तोवर सुमननं व्हॉल्व्ह उघडला होता. दुसऱ्या क्षणाला त्या सांध्याचं जुनं पॅकिंग फुटलं आणि उकळतं पाणी फवाऱ्यासारखं बरोबर भगवानच्या जागेवर पडलं. सुमननं लगेच व्हॉल्व्ह बंद केला. एकालाही थेंब लागला नाही.

शेठनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तें बधाने बचाव्या, बेटा. ठोकलंस म्हणून सगळे वाचले."

आता बघा. गप्प बसली असती तर कुणाला कळलं होतं? सगळं तिच्या पदरात पडलं असतं. पण पोरगी सगळ्या खात्यासमोर म्हणाली, "मी नाही ठोकलं, शेठ. ठोकायला हवं होतं. विसरले."

"तो कोणे? मग ठोकलं कुणी?"

मग भगवानच हळूच म्हणाला, "अजून कोण? आबांनी."

लाइन तपासली. बॉयलरकडचं तोंड ट्रायलसाठी आधीच कापून बंद केलेलं. बॉयलरखान्याला कुलूप. कुणाच्या हातात पाना नाही. नवं पॅकिंग टाकलं, तासाभरात पाणी सुरळीत आलं. पण त्याआधी सुमननं खात्यातला दुसरा पाना मागवून घेतला आणि ठोकलं — दोन, दम, एक. शेठ म्हणाले, "वैल पण राहील, छोकरी पण राहील. जे खरं बोलते तिच्या हातात व्हॉल्व्ह बरा."

पाळी सुटल्यावर घरी आले. कुलूप माझ्या हातानं काढलं. आबांच्या पान्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. तापलेला होता. म्हणाल पत्र्याखालची खोली, उन्हानं तापला असेल. मीही तेच म्हटलं. मग त्याच खुंटीवरच्या सांडशीला हात लावला... ती गार.

सुमन म्हणते, लोखंड कधीकधी धग धरून ठेवतं. धरत असेल. पण पांडेसरा कुठं, नवागाम कुठं? कारण मला अजून सापडलं नाही, आणि आता मी शोधतही नाही. पुढं सुमननं चार पोरींना ते काम शिकवलं. पहिल्या दिवशी पुस्तक नाही, आधी ठोकायचं शिकवते.

पाना अजून त्याच खुंटीवर आहे. नुसतं वाचून मान हलवू नका, या एकदा नवागामला. लवकर या, माझंही वय झालंय. भाकरी टाकते, वैलावर पाणी असतंच... आणि पान्याला तुम्हीच हात लावून बघा.