चाचांच्या लेकीची पत्रिका

नांदेडला चाचांचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. कॉम्प्युटरचा पहिला धडा मी तिथेच गिरवला. आता लातुरात घरबसल्या सॉफ्टवेअर लिहिते. तरी नांदेडला गेले की चाचांच्या मशीनला हात लावल्याशिवाय मला करमत नाही. ही माझी जुनी खोड.

गेल्या खेपेला चाचांनी घेतलेला डिझाईनचा नवा प्रोग्रॅम चालत नव्हता. अक्षरं मांडायला असे प्रोग्रॅम एक सामाईक फाईल वापरतात, तिला आम्ही लायब्ररी म्हणतो. चाचांकडची फार जुनी होती. मी ती काढून नवी टाकली. नवा प्रोग्रॅम सुरू झाला, मी तोऱ्यात चहा मागवला, आणि चाचांचा मराठी-उर्दूचा जुना प्रोग्रॅम उघडेचना. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

चाचा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "बेटा, लेकीची पत्रिका त्यातच हाय."

लेकीचा निकाह ठरल्याचं मला ठाऊक होतं. पण ती पत्रिका चाचींनी आजारपणात, स्थळ ठरण्याआधीच, चाचांच्या शेजारी खुर्चीवर बसून करून घेतली होती, हे ठाऊक नव्हतं. चाची जाऊन दोन वर्षं झाली. मला माझा भयंकर राग आला.

जुनी लायब्ररी चाचांच्या एका सीडीत सापडली. ती टाकली की नवा प्रोग्रॅम बंद, नवी टाकली की जुना. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, चाचा. नवा काढूनच टाकते."

"काढतीस कशाला? आपली पत्रिका बघ की. इकडून उघडली की मराठी, तिकडून उघडली की उर्दू. एकमेकीच्या वाटंत येत्यात का कधी?"

एवढी वर्षं मी याच कामाचा पगार घेते, आणि डोक्यात आलं नाही. दोन्ही प्रोग्रॅमना वेगवेगळे फोल्डर केले, ज्याची लायब्ररी त्याच्याजवळ ठेवली. दोन्ही सुरू झाले.

पत्रिका उघडली. लेकीच्या नावाखाली भलीमोठी मोकळी जागा होती.

"तुझी चाची म्हणली, जावयाचं नाव लांबलचक असलं तर? जागा लई ठेवा."

चाचांनी नाव टाईप केलं. ते अगदी छोटं होतं. मी ओळी जवळ घ्यायला माऊसकडे हात नेला, तर चाचांनी माझा हात धरला.

"न्हाई बेटा. ऱ्हाऊ दे तेवढी."