पुढाऱ्याचं तोंड आभाळाकडे

धाकटीच्या लग्नाला मामा येणार की नाही, या एका प्रश्नानं झरीच्या आमच्या घरात कुणाला धड झोप नव्हती. आईचा हा एकुलता एक भाऊ. गेल्या निवडणुकीत बाबा एका पक्षाचे, मामा दुसऱ्याचा. माझ्या मुलाच्या बारशाला ऐन पंगतीत दोघांची जुंपली, मामा भरल्या ताटावरून उठून गेला आणि आईचं वाणगावचं माहेर तुटलं. कोण कुठला तो उमेदवार, त्याला आमची नावंसुद्धा ठाऊक नाहीत! मला अजून संताप येतो.

म्हणून मी फर्मानच काढलं. लग्नात राजकारणाबद्दल कुणी ब्र काढायचा नाही. काढेल त्याला पंगतीतून उठवीन, मग तो नवरीचा बाप का असेना! बाबा नुसते "हूं" म्हणाले.

आणि लग्नाच्या सकाळी मामाचा टेम्पो दारात! मी अंगणातून ओरडतच धावले. आई पिठाच्या हातांनी तशीच त्याच्या गळ्यात पडली. मामानं भाजी आणली होती, केळीचे खुंट आणले होते, आणि मांडवाला सावली कमी पडायला नको म्हणून एक भलामोठा फ्लेक्स. निवडणूक संपली तरी आमच्याकडे फ्लेक्स कुणी फेकत नाही. रचून ठेवलेल्या भाताच्या उडवीवर, गोठ्यावर, ताडपत्रीसारखा कुठेही घालतात. त्यामुळे मामाच्या मनातही काही आलं नव्हतं. उलगडून बघतो तर आत त्याचाच उमेदवार, हात जोडून हसतोय!

बाबांचा चेहरा लालबुंद. तेवढ्यात आई म्हणाली, "तोंड आभाळाकडे करून बांधा. हसू दे त्याला वर. खाली माझ्या पोरीचं लग्न आहे."

बांधला. मामानं भाचीला बोहल्यावर आणून उभी केली, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि सुटला की वारा! फ्लेक्सची एक बाजू निसटून खाली लोंबली आणि अंतरपाटाच्या वरून पुढारी डोकावायला लागला. वऱ्हाडी मंडळी खिदळली. बाबा तरातरा टेबलावर चढले. आता फाडतात, मेलो आपण, मी म्हटलं. मामालाही तेच वाटलं असणार, तोही दुसऱ्या टेबलावर चढला. पण वारा असला जबरदस्त, की एकट्याच्यानं ते धूड आवरेना. एक टोक बाबांनी पकडलं, दुसरं मामानं.

"भावजी, घट्ट धरा!" मामा ओरडला.

"धरलंय रे. तू सोडू नको."

बारशानंतर दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते. मला रडू आणि हसू एकदमच फुटलं. दोघांचेही हात वर, अक्षता टाकायला एकही मोकळा नाही. शेवटचं "सावधान" झालं, वाजंत्री कडाडली, सगळ्यांनी नवरानवरीवर अक्षता उधळल्या. आईनं मात्र आपली मूठ वर केली आणि स्वतःच्या नवऱ्यावर नि भावावर रिकामी केली.