अर्थ विचारणारी कातरीनमावशी

कातरीनमावशी गाताना डोळे मिटायची नाही. आमच्या ठाण्याच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गायनमंडळ वरच्या माळ्यावर उभं राहायचं. बाकीच्या बायका छताकडे बघत तल्लीन व्हायच्या. मावशी कठड्यावर हात टेकून खाली कोण आलंय, कोण नाही, ते पाहत गायची. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली की जो दिसला नाही त्याच्या घरी चौकशीला जायची. एकदा मी तिला याबद्दल छेडलं, तर म्हणाली, "डोळं कशाला मिटू? गानं मानसांसाठी हाय. देवाला काय, न गाता पन आयकू येतं."

साल एकोणपन्नास-पन्नासचं असेल. मी वसईहून ठाण्याच्या शाळेत शिकवायला आले होते आणि रविवारी देवळात पायपेटी वाजवायचे. मावशी तेव्हा पन्नाशीची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. तिला अक्षरओळख नव्हती. लॅटिन गाणी तिने बापाकडून ऐकून पाठ केलेली, बापाने त्याच्या बापाकडून. तीन पिढ्यांत शब्द इतके झिजले होते की ऐन मिस्सेत मधूनच 'कोलंबी' किंवा 'पातेलं' ऐकू आल्याचा भास व्हायचा.

मग नवे फादर आले. मंगळूरकडचे, संगीत शिकलेले. बिशपस्वामी भेटीला येणार होते, म्हणून त्यांनी मला प्रत्येकाचे उच्चार तपासायला सांगितलं. मी वहीत मावशीच्या नावावर रेघ मारली. तिला ते सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. मावशी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. ऐकलं आणि तिचे हात थांबले.

"इतकी वर्सं चुकीचं गायले मी?"

"हो, मावशी."

"मग आजवर कोनी बोललं का नाय?"



बिशपस्वामींची मिस्सा उत्तम झाली. खोटं कशाला बोलू, मावशीवाचून काही अडलं नाही. ती खाली, बायकांच्या शेवटच्या बाकावर बसली होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभी. "आता मना बरोबर शिकव, बाई," म्हणाली. रुसवा नाही, टोमणा नाही.

रोज संध्याकाळी आम्ही बसू लागलो. तिची जीभ वळायला वेळ लागायचा, पण एकदा वळली की पुन्हा चुकायची नाही. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "याचा अर्थ काय?" मला ठाऊक नव्हता. आम्हाला शाळेत उच्चार शिकवले होते, अर्थ कोणी विचारलाच नव्हता. मी फादरांकडून अर्थ कागदावर उतरवून आणायचे आणि तिला वाचून दाखवायचे. फादर हसून म्हणायचे, "तुमची मावशी मला पुन्हा सेमिनरीत बसवणार."

असं करत आम्ही मयतीच्या गाण्यापाशी आलो. देवाचा कोप, सगळीकडे जाळ, थरथर कापणारा पापी. मी अर्थ वाचला आणि वर पाहिलं. मावशीचा चेहरा पांढरा पडला होता.

"आमचा जुजे खाडीत बुडाला ना, तवा मी हेच गायले," ती म्हणाली. "वर माळ्यावर उभी राहून. सतरा वर्साचा पोर माजा. त्याच्या मयतीला मी असं बोलले?"

"मावशी, तुला ठाऊक नव्हतं."

"तेच तर, गो."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन फादरांकडे गेली. "फादर, बाकी सगलं गाईन. हे गानार नाय." फादरांनी तिला समजावलं, की गाण्याच्या शेवटी दयेची याचना आहे, चर्चची ती फार जुनी प्रार्थना आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं असंल. पन आयशीच्या तोंडात ते नको. तुमचा विधी झाला, माती पडली, की मना आमच्या बोलीत गाऊ द्या."

फादर म्हणाले, "विधी पूर्ण झाल्यावर. त्याआधी नाही."

पुढची सात-आठ वर्षं, स्वतः डोळे मिटेपर्यंत, मावशीने कितीतरी माणसांना गाऊन निरोप दिला. कळव्याहून, कल्याणच्या रेल्वे वसाहतीतून बोलावणी यायची. आधी घरच्यांजवळ बसून विचारायची, "काय करायचा तो? काय आवडायचं त्याला?" मग मिठागर, होडी, इंजिनाचा कोळसा, जे असेल ते गाण्यात यायचं. गायनमंडळातही ती परतली होती. मयतीचं ते लॅटिन गाणं आलं की तेवढी खाली बसायची.

पण तिचं पहिलं गाणं मी कधी विसरले नाही. फादरांनी परवानगी दिली त्याच वर्षीचा मृतांचा दिन होता. संध्याकाळी दफनभूमीत कबरीकबरींवर मेणबत्त्या लागल्या होत्या. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, विधी आटोपला, पण ते गेले नाहीत. मावशी जुजेच्या कबरीपाशी उकिडवी बसली आणि गाऊ लागली. चाल लदीनीची, क्रुसापुढे गावकरी म्हणतात त्या प्रार्थनेची. शब्द मात्र तिचे. जुजे शीळ घालत घरी यायचा, त्याला भरलेले बोंबील आवडायचे, पाण्यात उतरू नको म्हटलं तरी ऐकायचा नाही. एवढंच. प्रत्येक ओळीत त्याचं नाव होतं.

गाणं संपलं. ती गुडघ्यांवर हात रेटून उठली, लुगड्याची माती झटकली.

"नऊ वर्सं झाली, बाई," ती म्हणाली. "आज पोचवला मी त्याला."