नायक ओट्यावरून खाली येतो तेव्हा

सहा वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला सकाळी, आम्ही तिघांनी तांडा सोडला: मी, माझी पत्नी सविता आणि आमची मुलगी ईश्वरी, जी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. करीला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. त्यामुळे भावाने बॅगा मोटारसायकलवर फेऱ्या मारून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्या. आखाडा बाळापूरला नांदेडची एसटी मिळाली. नांदेडहून रेल्वेने हैदराबाद आणि तिथून विमान.

निरोप द्यायला निम्मा तांडा रस्त्यावर आला होता. याडी, म्हणजे माझी आई, रडली नाही. तिने सविताच्या पर्समध्ये लसणाच्या चटणीची पुडी कोंबली आणि म्हणाली, "इमानात वास आला त म्हन, बाजूवालीचा हाय." वडील तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. ते रस्त्यापर्यंत आले नाहीत. लिंबाखालच्या ओट्यावर बसून होते. मी पाया पडलो तेव्हा एवढंच म्हणाले, "गेलेल्या मानसाची जागा ऱ्हाती. फिकीर करू नको."

घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतो. इथं ती बोलणी, तांड्यातली माणसं बाजारात जशी मराठी बोलतात, तशी दिली आहेत. हा मजकूर तांड्यात राहिलेल्यांसाठी आहे आणि पुण्याला, सुरतेला किंवा तिकडं गेलेल्यांसाठीही.

'तिकडं' हा शब्द तांड्याचाच. आम्ही ज्या देशात राहतो त्याचं नाव तिथं कोणी घेत नाही. जगातला सगळ्यात बलाढ्य देश असला तरी तो 'तिकडं'. "तिकडं पाऊस हाय का?" "तिकडं बाभूळ ऱ्हाती का?" मीही या मजकुरात तेच नाव ठेवतो.

सविता तिकडच्या एका मध्यम शहरातल्या दवाखान्यात डायलिसिस विभागात परिचारिका आहे. व्हिसा तिच्या नोकरीवर मिळालेला आहे. मी आणि ईश्वरी तिच्या व्हिसावर आहोत. मी आधी हिंगोलीला एका दैनिकाचा वार्ताहर होतो, नंतर संभाजीनगरला डेस्कवर. आता घरून मजकूर तपासण्याचं काम करतो आणि ईश्वरीला शाळेत सोडतो. तांड्यात दिवस हापशाच्या दांड्याच्या आवाजाने सुरू व्हायचा. तिकडं हिवाळ्यात तो गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडण्याच्या आवाजाने सुरू होतो. दोन्ही आवाज सारखेच करकरणारे आहेत. आम्हाला तिकडं बरं चाललं आहे. शिफ्ट, लाँड्री, पॅरेंट-टीचर मीटिंग, शनिवारी ज्वारीची भाकरी. पीठ मिळतं, थापणं मी शिकलो. सविता म्हणते, भाकरी गोल नसली तरी चालेल, नकाशा ओळखता आला पाहिजे.

गेल्या श्रावणात सविता एकटी गावी गेली. माझी पुतणी आरती हिची ती लग्नाआधीची शेवटची तीज होती. तीज म्हणजे तांड्यातल्या कुमारी मुलींचा सण. टोपलीत माती-शेणखत घालून त्या गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात आणि शेवटी ते कोवळे कोंब वाटून बाकीचे नदीत सोडतात. गहू पेरण्याआधी मुली नायकाची परवानगी मागतात. हा रिवाज कोणी मोडत नाही. आरतीनेही मागितली, आणि त्याच दिवशी ईश्वरीने फोनवरून. तिला तिकडं केकच्या ट्रेमध्ये गहू पेरायचे होते.

वडील म्हणाले, "तिकडच्या तांड्याला परवानगी दिली. पन पानी जास्त घालू नको, सडतंय."

गहू बोटभर झाले असताना तिकडच्या राष्ट्राध्यक्षांनी एक आदेश काढला. या प्रकारच्या कामाच्या व्हिसावरचे जे लोक त्या वेळी देशाबाहेर असतील, त्यांना परत प्रवेश मिळणार नाही. मुदत दिली नव्हती. किती काळ, हेही लिहिलेलं नव्हतं. आदेशाखाली एक सही होती.

मी तो आदेश दोनदा वाचला. मग सविताला फोन केला. ती ओट्यावर बायकांबरोबर बसून लसूण सोलत होती. तिला सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "तू वाचलंस, का कोणी पाठवलं?" मी म्हणालो, वाचलं. ती म्हणाली, "मग खरं असेल." तिने फोन भावाकडे दिला आणि उठून गेली. लसूण कोणी सोलला ते मला माहीत नाही.

तिचं परत येणं नाकारलं गेलं असतं तर तिची नोकरी गेली असती, नोकरीबरोबर व्हिसा, आणि व्हिसाबरोबर आमचं तिकडं राहणं. त्याहून आधी, आई एका खंडात आणि मुलगी दुसऱ्या खंडात, हे कधीपर्यंत, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. ईश्वरीला मी तेवढंच सांगितलं जेवढं पक्कं होतं: आईच्या परत येण्यावर बंदी आहे, आणि बंदीविरुद्ध लोक कोर्टात गेले आहेत. तिने विचारलं, "कोर्ट प्रेसिडेंटपेक्षा मोठं असतं का?" मी म्हणालो, या गोष्टीत असतं का, तेच ठरायचं आहे.

व्हॉट्सॲपवर मात्र सगळं ठरलं होतं. सगळ्यांना परत पाठवणार. घरं जप्त होणार. भावाने एक फॉरवर्ड पाठवलं आणि खाली लिहिलं, "हे बराबर हाय का?" मी डेस्कवरचा जुना नियम घरी लागू केला: जे कागदावर दिसेल तेच सांगायचं, बाकीचं फोनवर बोलायचंसुद्धा नाही. भाऊ चिडला. "मग काय बोलू? हळदीचं बोलू का?" त्याच्या हळदीचंही तेच होतं. वसमतच्या मोंढ्यात भाव पडला की व्यापारी तिकडच्या आयातकराकडे बोट दाखवतात. ते कितपत खरं, हे मला पडताळता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडील व्हिडिओ कॉलवर आले. मोबाइल आरतीने धरला होता, त्यामुळे अर्धा वेळ फक्त पागोटं दिसत होतं.

"काहून केलं त्यानं आसं?"

मी आदेशात दिलेलं कारण सांगितलं.

"आन् बाहीर गेलेल्यावरच काहून? समोर व्हते त्याहिला न्हाई?"

"बाहेरच्यांना अडवणं सोपं असतं."

त्यांनी पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, "तिकडं 'ओट्यावरून खाली ये' म्हननारं कोनी हाय का न्हाई?"

या प्रश्नाला मागची एक हकीकत आहे. तेव्हा मी आठवीत होतो.

आमच्या तांड्यातली बरीच घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. होळीला सगळ्यांनी परत यायचं, असा दंडक. होळी हा आमचा मोठा सण; त्या दिवशी गैरहजर राहणं म्हणजे तांडा नाकारणं. त्या वर्षी तीन घरं आली नाहीत. मुकादमाने त्यांना सोडलं नव्हतं, पण ते नंतर कळलं. वडिलांनी होळीच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावरून हुकूम दिला: जे होळीला आले नाहीत त्यांची तांड्यातली जागा गेली. आल्यावर त्यांनी दुसरीकडे पालं टाकावीत. त्या तीन जागांपैकी हापशाजवळची जागा आमच्या काकाला हवी होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तांड्यात नायक एकटा नसतो. कारभारी असतो, आणि निवाडा करणारा नसाबी असतो. तेव्हा नसाबी होते हरचंद, एका कानाने बहिरे, त्यामुळे सगळं ओरडूनच बोलणारे. नायकाच्या हुकमावर कोणी हरकत घेतली, तर तो निवाडा होईपर्यंत नायकाने ओट्यावरून उतरून इतरांबरोबर जमिनीवर बसायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. मी तो पाळला गेलेला त्याआधी कधी पाहिला नव्हता.

हरचंद काठी टेकत आले आणि म्हणाले, "नायका, खाली ये."

वडील म्हणाले, "काहून?"

"हुकूम ज्याच्यावर हाय तो समोर पायजे. गैरहजर मानसावर नसाब व्हत न्हाई. आन् तुझ्या भावाला जागा पायजे, हे मला येका कानानं बी ऐकू आलं."

लोक हसले. वडील हसले नाहीत. ते ओट्यावर बसून राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही, पण याडी घरातून बाहेर येऊन बघून आत गेली. मग त्यांनी चपला घातल्या आणि खाली येऊन धुळीत बसले. निवाडा थोडक्यात झाला. हरचंद म्हणाले, "गेलेल्या मानसाची जागा ऱ्हाती." हुकूम उठला.

त्या दिवशी जेवताना याडी वडिलांना म्हणाली, "पागोटं लई जड झालं व्हतं तुमचं. बरं झालं, वारं लागलं." वडिलांनी भाकरी मागितली. ती तीन कुटुंबं गुढीपाडव्याच्या सुमारास आली आणि आपापल्या दाराची कुलपं काढून घरात गेली. वडील हरचंदशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. नायकपद मात्र त्यांच्याकडेच राहिलं, आजही आहे.

म्हणून मी फोनवर म्हणालो, "आहे. कोर्ट आहे. सोमवारी सुनावणी आहे."

"सोमवारी? आमी त त्याच दिशी उतरलो व्हतो."

मागून याडीचा आवाज आला: "व्हय, उतरले! चपला सापडंना म्हनून बसून व्हते."

सोमवारी तिकडच्या एका जिल्हा न्यायालयात सुनावणी झाली. अर्ज एका राज्याचा आणि काही दवाखान्यांचा होता. न्यायाधीशाचं नाव त्या दिवसापर्यंत त्या शहराबाहेर फारसं कोणाला माहीत नसावं. आदेशाला तात्पुरती स्थगिती मिळाली. स्थगितीच्या आदेशात लिहिलेलं असं: सीमेवर कोणाला घ्यायचं, याबद्दल राष्ट्राध्यक्षांना मोठे अधिकार आहेत; पण ते कायदेमंडळाने केलेल्या कायद्यातून आलेले आहेत आणि त्या कायद्याच्या आतच आहेत. कायद्याने रीतसर दिलेली परवानगी, संबंधिताचं काहीही न ऐकता, एका सहीने निरुपयोगी करता येत नाही. राष्ट्राध्यक्षांनी न्यायाधीशावर टीका केली. सरकारने अपील केलं. वरच्या न्यायालयाने तूर्त स्थगिती कायम ठेवली. राष्ट्राध्यक्ष पदावर आहेत. न्यायाधीशही.

आम्ही तिकडचे नागरिक नाही. तिकडच्या निवडणुकीत सविताला मत नाही, मला नाही, कळमनुरी तालुक्यातल्या तांड्याला तर नाहीच. त्या राष्ट्राध्यक्षांनी आमच्याकडे कधी मत मागितलं नाही आणि मागणार नाहीत. तरी त्यांची सही लिंबाखालच्या ओट्यापर्यंत आली, हे आम्ही पाहिलं. ज्यांच्या हातात मत नाही, त्यांच्यापर्यंत अशी सही पोचते तेव्हा तिला अडवणारा फक्त सही करणाऱ्याच्या देशाचा कायदा असतो. तो तिथं पाळला गेला, तर आरतीच्या तीजेला आलेली तिची काकू परत जाऊ शकते. नाही पाळला, तर जाऊ शकत नाही. तांड्यात हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. तिथं ज्यांची जागा एकदा राहिली होती, त्या तीन घरांपैकी एका घरातली म्हातारी सविताला म्हणाली, "आमी कुलूप लावून गेलतो. तू लावलं का?"

सविता म्हणाली, "घरात माणसं हायेत, आजी."

"मग त काळजीच न्हाई."

स्थगितीची प्रत मी सविताला पाठवली. तिने ती आखाडा बाळापूरला छापून घेतली, दोन प्रती. एक तिच्या पासपोर्टबरोबर ठेवली. दुसरी वडिलांनी मागून घेतली. त्यांना इंग्रजी येत नाही. आरतीने पहिलं पान वाचून दाखवलं, अडखळत. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "खाली बसला का मंग?"

आरती म्हणाली, "बसावंच लागंल, आजोबा."

"त्याला कळवा म्हनं, खाली बसलं तरी नायक नायकच ऱ्हातो. मी बसलोय."

तीजेचे कोंब ठरल्या दिवशी वाटले गेले. पहिले नायकाच्या पागोट्यात खोवले. संध्याकाळी मुलींनी टोपल्या नदीत सोडल्या. ईश्वरीने तिकडचे कोंब सोडायचं नाकारलं. जवळ ओढा आहे, मी घेऊन जातो म्हणालो. ती म्हणाली, आईबरोबर. गहू वाढले, ट्रेच्या कडेवरून खाली वाकले, टोकाला पिवळे पडायला लागले. पाणी जास्त झालं नव्हतं.

सविता पुन्हा बाळापूरच्या स्टँडवरून निघाली. भावाने सांगितलेलं असं: या वेळी वडील रस्त्यापर्यंत आले. याडीने चटणी दिली. हैदराबादच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिला, पडद्यावर पाहिलं, कोणाला तरी फोन केला आणि बोर्डिंग पास दिला. तिकडच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने सविताला विचारलं, कशासाठी गेला होतात. ती म्हणाली, सण होता. त्याने शिक्का मारला. स्थगितीची प्रत कोणी मागितली नाही.

मी आणि ईश्वरी बाहेर उभे होतो. ईश्वरीच्या हातात ट्रे होता, आणि सुरक्षा कर्मचारी दोनदा येऊन विचारून गेला होता की हे काय आहे. "तीज," असं ती दोन्ही वेळा म्हणाली. घरी जाताना आम्ही ओढ्यावर थांबलो. सविताने थोडे कोंब माझ्या टोपीत खोवले, कारण तिकडच्या तांड्याला दुसरा नायक नाही. बाकीचे दोघींनी पाण्यात सोडले.

मूळ खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही.

त्या संध्याकाळी दार मी उघडायला गेलो. सविताने थांबवलं, पर्समधून चटणीची पुडी बाजूला सारून स्वतःची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.