मिन्सोबाईंचा काळा रंग

इंदापुरातल्या माझ्या रंगाच्या दुकानात मिन्सोबाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी काळ्या रंगाचे सात डबे उघडायला लावले. प्रत्येकात बोट बुडवायचं, उन्हात धरायचं आणि नकारार्थी मान हलवायची. दुसऱ्या दिवशी उजनीच्या काठचं ओलं ढेकूळ काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "धिस ब्लॅक."

त्या कोरियाच्या चित्रकार, साठीच्या. वर्षभराची शिष्यवृत्ती घेऊन आलेल्या. दुकानावरची खोली मी त्यांना भाड्यानं दिली. मराठी त्या गिऱ्हाइकांकडून शिकल्या, त्यामुळे बोलणं हुबेहूब आमच्याकडचं. त्यांच्या चित्रात घर, झाड, माणूस काहीच नसे. कापडावर गाळाचा पातळ हात मारायचा, वाळला की खरवडायचा, पुन्हा मारायचा. किती हात झाले विचारलं, तर म्हणायच्या, "मोजत न्हाय. कापडच बास म्हणतं."

त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार मागं गेलं. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात धरणग्रस्त दरवर्षी पेरतात. मिन्सोबाईंनी तिथंच तीस फूट कापड अंथरलं, कडेनं खुंट्या ठोकून दोरी ताणली. ती दोरी पाहून कुणीतरी उठवलं, परदेशी कंपनीची मोजणी सुरू झाली, आता पेरणी बंद.

मला फोन आला. मोटरसायकलवरून पोचलो, तर तीस-चाळीस माणसं जमलेली. खुंट्या उपटून फेकलेल्या. पुढं सत्तरी ओलांडलेले नामदेवतात्या, हातात कोयता. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी कापडाची कड धरून कोयता ओढला. बाई कापडाच्या मधोमध अनवाणी उभ्या होत्या. मी पुढं सरकलो, तशी दोघांनी मला धरलं. "शब्बीरभाई, तुमी मधी पडू नगा."

"माझं गाव बी धरणात गेलं," बाई म्हणाल्या.

"खोटं बोलती!" मागून कुणीतरी ओरडलं.

तात्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं. "पाणी आधी कुठं दिसलं?"

"आडात," बाई लगेच म्हणाल्या. "नदी लांब व्हती. आड भरत वर आला. आई म्हणली, आता भांडी बांध."

तात्यांचा कोयता हळूहळू खाली आला. "व्हय," ते म्हणाले, "आडातच." आणि पाठ फिरवून चालू लागले. मागोमाग सगळी माणसं पांगली.

बाई परदेशी, म्हणून दुसऱ्या दिवशी पोलीस दुकानात आले. कापड कुणी फाडलं, नाव सांगा म्हणाले. बाईंनी नाव घेतलं असतं तर म्हातारा आत गेला असता.

"वाऱ्यानं फाटलं," बाई म्हणाल्या.

"वारं कोयत्यासारखं फाडतं व्हय?" हवालदारानं विचारलं.

"हितलं वारं लई जोरात हाय." आणि त्यांनी जबाबावर सही केली.

संध्याकाळी तात्या आले. चपला खाली काढून माझ्याबरोबर वर बाईंच्या खोलीत आले आणि दारातच उभे राहिले. "बाई, फाडलं ते मी."

"बघितलं मी."

"मग नाव का न्हाय घेतलं?"

मिन्सोबाईंनी गुंडाळून आणलेल्या कापडाची फाटलेली कड सरळ केली. "तुमाला वाटलं, जमीन दुसऱ्यांदा चालली. मला बी तसंच वाटलं असतं."

मग त्यांनी मला कापड उलटं करायला लावलं. पाठीमागं एका कोपऱ्यात आपल्या लिपीत आपल्या गावाचं नाव लिहिलं आणि ब्रश तात्यांकडं दिला. तात्यांनी त्याखाली आपल्या बुडालेल्या गावाचं नाव लिहिलं. एक अक्षर पुसून त्यांनी पुन्हा काढलं.

महिनाभरानं बाई गेल्या. दिवाळीनंतर त्यांनी तिकडच्या प्रदर्शनातला फोटो पाठवला. फाटलेली कड तशीच ठेवलेली, समोर माणसं उभी. मी तो तात्यांना दाखवला.

"मागची बाजू दिसत न्हाय का?"

"न्हाय तात्या. ती भिंतीला टेकलीय."

तात्यांनी फोन परत दिला. "असू दे. लई वर्सांनी भिंत लागली गावाला."