मंदाच्या बाबांची चाल

मंदा गेल्याचा फोन तिच्या वहिनीने केला, तेव्हा मी भाट्याच्या रोपवाटिकेत नारळाची रोपं निवडत होते. वीस वर्षं हे काम आम्ही दोघींनी शेजारी बसून केलं. फोन ठेवला आणि पुन्हा रोपं निवडू लागले. दुसरं काय करणार होते?

कधीमधी एखाद्या नारळाला पांढराफटक कोंब येतो, पानात हिरवेपणा नावालाही नसतो. आतलं खोबरं पुरेल तितके दिवस जगतो, मग वाळतो. असा कोंब दिसला की उपटून टाकायचा. मंदा मात्र तो सावलीत नेऊन ठेवायची. "घडतानाच कायतरी चुकलंय, त्याचा काय दोष?" म्हणायची. मी तिला वेड्यात काढायचे.

मग चाळिशीत तिचे पाय अडखळू लागले, जीभ जड झाली. मी तिला घेऊन मुंबईला गेले. डॉक्टर म्हणाले, जनुकातला बिघाड आहे, मेंदूचा तोल सांभाळणारा भाग झिजत जाणार, औषध नाही. "आईवडिलांपैकी कुणाला होतं असं?" त्यांनी विचारलं.

तिचे बाबा मासेमारी करायचे. तेही ऐन चाळिशीत झोकांड्या खाऊ लागले, बोलणं अडखळू लागलं. पितो, असं अख्ख्या वाडीने ठरवून टाकलं. नारळी पौर्णिमेला समुद्राला पहिला नारळ वाहण्याचा मान त्यांचा. त्या वर्षी भर गर्दीत मंदानेच त्यांच्या हातातून नारळ काढून घेतला आणि काकांना दिला. "बाबा, तुमी शुद्धीत नाय." ते एवढंच म्हणाले, "मी घेतलेली नाय गो बाय..." त्या गर्दीत मीही होते, आणि खोटं कशाला सांगू, मला मंदाचं कौतुक वाटलं होतं. बाबा पुन्हा किनाऱ्यावर आले नाहीत. तीन वर्षांनी गेले.

स्वतःच्या मरणाचं मंदाला फारसं वाटत नव्हतं, बाबांचा तो अपमानच तिला खात राहिला. "त्यांच्या तोंडाला वास नव्हता गो, मला म्हायती होतं," एकदा म्हणाली. शेवटी तर घासही गिळवेना.

बाराव्याला तिच्या घरी गेले. एसटीत लोक दारुडी समजून लांब सरकायचे, म्हणून अलीकडे ती गळ्यात एक कार्ड घालायची: 'मी प्यायलेली नाही. मला आजार आहे.' ते खुंटीला दिसलं. वहिनीने मात्र समोरच्या भिंतीकडे बोट केलं. बाबांच्या फोटोला हाराच्या जागी तसंच दुसरं कार्ड होतं. मंदाच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'हे प्यायलेले नाहीत.'